पाच भाषांची अडाणी पोर

नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर जो कधी उतरला असेल त्याला ही मौज ठाऊक असेलच. सुरतेहून जळगावकडे येणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्टेशन काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक असा आहे की त्यावर नवराबायको शेजारी शेजारी बसली, तर एकजण एका राज्यात आणि दुसरा दुसऱ्या राज्यात! रेल्वे आली ती फार आधी. सरहद्द आली ती १ मे १९६० रोजी. तेव्हा रुळांनी सरहद्द ओलांडली असे म्हणण्यापेक्षा सरहद्दच रुळांवर येऊन बसली असे म्हणणे अधिक रास्त. गाडी यायची झाली की येथे चार भाषांत पुकारा होतो. हिंदी, मराठी, गुजराती आणि इंग्रजी. बाहेरगावचे पाहुणे हे ऐकून खूश होतात. "वा! केवढा हा भाषांचा मेळ!" म्हणतात.

मलाही ते आवडते. परंतु त्या फलाटावर बोचकी-गाठोडी घेऊन, पोर कडेवर मारून ज्या बाया गाडीची वाट पाहत बसलेल्या असतात, त्या आपसात काय बोलतात ते पाहुण्यांनी जरा कान देऊन ऐकावे. ती मावची असते, कोकणी असते, भिली असते. त्या चार पुकाऱ्यांत त्यांची भाषा नाही. रेल्वेवर माझा राग नाही. तिने चार भाषांचा मान राखला हेच पुष्कळ झाले. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पाचवी भाषा राहून गेली आहे हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानातही आले नाही. ध्यानात येऊन सोडून देणे निराळे, आणि ध्यानातच न येणे निराळे. आपल्या जिल्ह्याचे दुखणे हे दुसऱ्या प्रकारचे आहे.

पुष्कळ भाषा येणे ही मोठी विद्या आहे असे आपण सगळेच म्हणतो. विनोबांना इतक्या भाषा येत होत्या, सानेगुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले, काकासाहेब कालेलकर मराठी घरात जन्मून गुजरातीचे एवढे लेखक झाले की १९६५ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांना गुजराती ग्रंथासाठी मिळाले, हे आपण पोरांना अभिमानाने सांगतो. आणि ते सांगायलाच हवे. परंतु मग सातपुड्यातली बाई पाच भाषा बोलते तेव्हा तिला आपण बहुभाषी का म्हणत नाही? तिला आपण अडाणी म्हणतो! माझा वाद आहे तो एवढ्याच एका प्रश्नावर. पुष्कळ भाषा येणे ही विद्या आहे की नाही? असेल तर ती सर्वांची विद्या आहे. नसेल तर विनोबांचे नाव पोरांना सांगू नका.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. एका पोरीने तो माझ्यापुढे टाकला, आणि त्यात माझी अब्रू गेली. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत तिसरीचा वर्ग घेत होतो. वर्गात खिडकीपाशी एक मुलगी बसे. अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावरची. घरी देहवाली भिली बोलणारी माणसे. पहिल्या सहामाहीत तिने माझ्याशी दहा वाक्येसुद्धा बोलली नसतील. प्रश्न विचारला की खाली मान घालून फ्रॉकच्या टोकाशी चाळा करीत उभी राही. वाचायला सांगितले तर ओठ हलत, आवाज निघत नसे. मी तिला मारले नाही, रागेही भरलो नाही. तेवढ्यावरच मी स्वतःला चांगला शिक्षक समजत होतो. सहामाही संपली. तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला: "भाषा कच्ची. बोलत नाही."

दिवाळीच्या आधीच्या आठवडी बाजारात ती मला दिसली. आजीबरोबर सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. माझ्याकडे तिची पाठ होती, म्हणून मी जरा आडोशाला उभा राहून पाहू लागलो. आजीशी तिचे चालले होते भिलीत. तेवढ्यात तापीकाठच्या गावातली एक कुणबीण आली. "काय भाव शे वं पोरी?" "वीसले वाटा, माय. गोड शेतस." हे अहिराणी! बाई गेली, तो पलीकडच्या दुकानाचा गुजराती शेठ आला. त्याच्याशी पोरीने गुजरातीत घासाघीस केली आणि दोन रुपये जास्तच घेतले. मग एक ट्रक उभा राहिला. ड्रायव्हर पंजाबकडचा असावा. त्याला तिने हिंदीत सांगितले की वरची पिकलेली आहेत, आज खा. खालची उद्यासाठी ठेव. इतक्यात तिची नजर माझ्याकडे गेली. क्षणभर दचकली आणि मग अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "गुरुजी, सीताफळं घ्या ना. तुम्हाला निवडून देते."

वाचकहो, मी सीताफळे घेतली आणि घरी आलो; परंतु ती माझ्या घशाखाली उतरेनात. पाऊण तासात पाच भाषा! आणि पाचही ठिकाणी योग्य माणसाशी योग्य भाषा. कोठे गल्लत नाही, कोठे अडखळणे नाही, हिशेबात चूक नाही. मला स्वतःला धड तीन येतात. आणि मी तिला लिहून दिले होते की तिची भाषा कच्ची आहे!

सुटीनंतर पहिल्याच दिवशी तो शेरा खोडायचा असे मी ठरविले. शाळा उघडली तेव्हा खिडकीपाशी जागा रिकामी होती. दिवाळी झाली की आमच्याकडची पाडेच्या पाडे रिकामे होतात, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. कोयते घेऊन टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर पोरेही जातात. ती गुजराती शिकली होती ती अशाच फडांवर. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. मुलगी शाळेत आली नाही. मी पाड्यावर गेलो. बापाने खाट टाकली, पाणी दिले, आणि मग शांतपणे मला विचारले, "गुरुजी, तुम्हीच पुस्तकात लिहिलं ना, पोरीला बोलता येत नाही म्हणून? मग शाळेत घालून काय उपयोग?" त्याने ते प्रगतिपुस्तक कोणाकडून तरी वाचून घेतले होते. माझ्या अक्षरावर त्याचा विश्वास बसला होता. तो शेरा मला त्यानंतर खोडता आला नाही.

मी हे का केले? मी काही परका नव्हतो. माझ्या घरी अहिराणी. माझी आई आजन्म 'आहे'ला 'शे' म्हणत आली. मी लहान असताना वर्गात एकदा "माले समजनं नही" असे म्हणालो, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि गुरुजीही हसले. त्या दिवसापासून मी जपून बोलू लागलो, आणि मॅट्रिकपर्यंत पोहोचता पोहोचता 'शे' माझ्या तोंडातून पुरते गेले. पुढे मी मराठीत कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या गड्यांच्या तोंडी विनोदापुरते अहिराणी घातले. स्वतःच्या आईच्या भाषेला मी गड्याचे काम दिले. ज्याने स्वतःचे 'शे' गिळले, त्याला दुसऱ्याच्या पोरीचे मौन ऐकू येणार कसे?

आता आमच्यासारख्या मास्तरांचे राहू द्या. सरकारदरबारी काय चालते पाहा. जनगणनेचा अधिकारी घरी येतो तेव्हा मातृभाषा कोणती ते विचारतो, आणि तिच्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहून घेतो. दोनच! म्हणजे त्या पोरीच्या पाच भाषांपैकी दोन तर कागदाबाहेरच राहिल्या. २०११च्या मोजणीप्रमाणे या देशात दोन भाषा जाणणारे शेकडा सुमारे २६ आणि तीन जाणणारे शेकडा सुमारे ७. म्हणजे सरकारने तिच्या दोन भाषा कापून घेतल्या तरीसुद्धा ती शंभरांतल्या वरच्या सातांत बसते. आणि शाळेत ती शेवटच्या बाकावर!

"पण त्या भाषा नव्हेत हो, त्या बोली," असे आता कोणी शिष्ट गृहस्थ म्हणतील. हा शब्द मोठा सोयीचा आहे. ज्या भाषेचा आपल्याला मान राखायचा नसतो तिला बोली म्हटले की काम झाले. ग्रियर्सनसाहेबाने हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली तेव्हा भिली भाषांना १९०७ साली एक सबंध विभाग दिला आणि आमची खानदेशीही त्यातच घातली. कोणी तिला मराठीची बोली म्हणतो, कोणी गुजरातीच्या जवळची. पंडितांनी हा वाद खुशाल चालू ठेवावा. मला आकडे कळतात. २०११च्या जनगणनेत भिली-भिलोडी या नावाखाली १ कोटी ४ लाख माणसे नोंदली गेली. हे नाव म्हणजे अनेक बोलींची मोट आहे हे खरे; पण हिंदीच्या आकड्यातही अशीच मोट बांधलेली आहे. काश्मिरी बोलणारे ६८ लाखांच्या आसपास, सिंधी २७ लाखांवर, कोकणी २२ लाखांवर. या तिन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत, आणि असायलाच हव्यात. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. तीही अनुसूचीत आहे, आणि त्याचाही मला आनंदच आहे. २००३ साली संथाळी त्या यादीत गेली, तेव्हा आदिवासींच्या भाषेला तेथे मज्जाव आहे असेही नाही. मग कोटीच्या वर माणसे जी बोलतात ती भिली अजून दाराबाहेर का? यादीतल्या बावीस भाषांच्या बाहेर राहिलेल्यांत सर्वांत मोठी तीच आहे.

"लिपी नाही," म्हणतात. मराठीची तरी स्वतःची लिपी कोणती? देवनागरी हिंदीची आहे, नेपाळीची आहे, संस्कृतची आहे. मोडी होती ती आपणच मोडीत काढली. इंग्रजीने रोमनांची लिपी घेतली म्हणून तिला कोणी बोली म्हणत नाही. लिपी ही उसनी मिळणारी वस्तू आहे. शेजारणीकडून विरजण आणावे तशी ती आणता येते. दूध घरचे असले म्हणजे झाले.

"वाङ्मय नाही," म्हणतात. हे खानदेशात तरी कोणी म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या. सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली नसती आणि १९५२ साली ती छापली गेली नसती, तर आज अवघा महाराष्ट्र जिला डोक्यावर घेतो त्या बाईची भाषा 'वाङ्मय नसलेली' म्हणूनच राहिली असती. गाणे आधी असते, छापखाना नंतर येतो. वाहरू सोनवण्यांनी भिलीत कविता केली तेव्हा भिलीत कविता जन्मली असे नव्हे. ती होळीच्या ढोलाभोवती पिढ्यान् पिढ्या होतीच. आपण तिकडे गेलो नव्हतो.

आणि मराठीने तरी हे कोणाला ऐकवावे? एके काळी मराठीलाच हे ऐकून घ्यावे लागले आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा पुढे ज्या भरूचवरून समुद्राकडे जाते, त्या भरूचचे चक्रधरस्वामी. जन्माने गुजरातचे, परंतु महाराष्ट्रात आले आणि मराठीत बोलले, कारण ऐकणारी माणसे मराठी होती. त्यांच्या पंथातले पंडित पुढे संस्कृतात ग्रंथ करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. का, तर त्यामुळे पंथातल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. सातशे वर्षांपूर्वी ज्या भाषेने म्हाताऱ्यांची एवढी काळजी वाहिली, तिच्याच शाळेत आज सीताफळे विकणाऱ्या आजीची नात मुकी होऊन बसावी ना! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही शाळेत पेढे वाटले. पेढे खाताना मला वाटले, थोर घराण्याचा दाखला तर मिळाला. आता वागणूकही तशीच व्हावी.

गेल्या काळातली एक ताजी गोष्ट आठवा. १६ एप्रिल २०२५ रोजी सरकारने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. जूनमध्ये त्याची भाषा बदलून पाहिली. तरी लोक ऐकेनात. शेवटी २९ जून रोजी तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत मोठमोठ्या विद्वानांनी एक तत्त्व कळकळीने मांडले. सहा वर्षांच्या लेकरावर घरात न बोलली जाणारी भाषा लादू नका. त्याला आधी आईच्या भाषेत रुजू द्या. मी त्या तत्त्वाच्या बाजूचा आहे. तेव्हाही होतो. परंतु धडगावच्या डोंगरातल्या पावरी पोराच्या दृष्टीने त्या तत्त्वाचा अर्थ काय होतो हे त्या साऱ्या गदारोळात कोणी बोलले का? त्याच्या घरात मराठी नाही. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे जे पुस्तक ठेवले जाते ते परक्या भाषेतच असते. मुंबई-पुण्याच्या मुलाला हिंदी ही तिसरी भाषा झाली असती; याला मराठी हीच दुसरी, आणि तीही कोणी दुसरी म्हणून शिकवीत नाही; त्याला ती जन्मतः यायला हवी असे धरून चालतात. मग नाही आली की शेरा तयार असतो: "भाषा कच्ची."

जे तत्त्व हिंदीविरुद्ध खरे, ते पावरीच्या बाजूने खोटे कसे होईल? तत्त्व असेल तर ते दोन्हीकडे लागू करा. नसेल तर सरळ सांगा की हे तत्त्व नव्हते, फक्त आपले घर राखणे होते.

माझ्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये. आदिवासी पोरांना मराठी शिकवू नका असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा त्यांचा शत्रू आहे. मराठी आली नाही तर तलाठ्याच्या दप्तरात, कोर्टात, दवाखान्यात त्यांची फसवणूक ठरलेली. इंग्रजीही त्यांना हवी, आणि ती चांगली हवी. माझे म्हणणे एवढेच की मराठीकडे जाणारी वाट पोराच्या घरापासून निघाली पाहिजे. नदीच्या ऐलतीरावर उभ्या असलेल्या पोराला पैलतीरावरून "ये, ये" म्हणून हाका मारणे म्हणजे शिकवणे नव्हे. ऐलतीरावर नाव न्यावी लागते.

"पण एका वर्गात चार बोलींची पोरे असतात, मास्तराने किती शिकाव्या?" हा आक्षेप मात्र खरा आहे. तो आमच्याच शिक्षकबंधूंचा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. नवापूरला मावची, धडगावला पावरी, तळोदे-अक्कलकुव्याला देहवाली, शहाद्याला गुजरी आणि अहिराणी. बदलीबरोबर भाषा बदलते. परंतु थोडा विचार करा. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याने आपली मराठी शिकून १८३१ साली असा कोश केला की अजूनही अडलेल्या शब्दासाठी आपण त्याच्याकडे धावतो. इंग्रजी अमलात गोऱ्या अधिकाऱ्याला लोकांच्या भाषेची परीक्षा द्यावी लागे. राज्य करण्यासाठी का होईना, सात समुद्रांपलीकडून आलेला माणूस आपली भाषा शिकला. आणि पन्नास मैलांवरून आलेल्या मला त्याच जिल्ह्यातली भाषा शिकणे जड जाते! कोणी मास्तराने पाचही बोलींत पंडित व्हावे असे नाही. ज्या गावी नेमणूक झाली तेथल्या भाषेतले दोन-तीनशे शब्द पहिल्या पावसाळ्यात शिकावे. भूक लागली, पोट दुखते, समजले नाही, पुन्हा सांगा, एवढे कळले तरी वर्गातली निम्मी भीती जाते. शिवाय प्रत्येक पाड्यावर आता शिकलेली दोन-चार पोरे-पोरी असतात. पहिली-दुसरीच्या वर्गाला त्यांच्यापैकी एकाची जोड द्यावी. हे स्वप्नरंजन नव्हे. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी, धरणाच्या पाण्याशी झगडा चालू असताना, पोरांच्या बोलीपासून आरंभ करून त्यांना मराठीपर्यंत नेण्याचा प्रयत्न नव्वदच्या दशकापासून केला आहे. बुडत्या गावांना जे सुचले ते कोरड्यावरच्या शाळांना सुचू नये?

आणि हे काही कोणाच्या मेहेरबानीचे काम नाही. १९५६ साली संविधानात ३५०-अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे ते सांगते. सत्तर वर्षे होत आली. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मातृभाषेचा पुरस्कार आहे. कागदावर सगळे आहे. कागद वाचणाऱ्यांनी पाड्याकडे पाहिले म्हणजे झाले.

"इतक्या भाषा झाल्या की पोराचा गोंधळ उडतो," असे पुष्कळ आईबाप मला सांगतात. त्यांना मी त्या सीताफळांच्या पाटीपाशी घेऊन जाईन. गोंधळ उडतो तो भाषांनी नव्हे. एका भाषेची लाज वाटू लागली म्हणजे उडतो. ज्या पोराला कोणतीच भाषा लपवावी लागत नाही ते चार भाषांत सुखाने नांदते. ज्याला एक लपवावी लागते त्याला मग दुसरीही धड बोलवत नाही.

भाषांनी देश फुटतो म्हणणारेही आहेत. त्यांना मी नंदुरबारच्या माणिक चौकात उभे करीन. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच कोवळी पोरे पडली. शिरीषकुमार गुजराती घरातला. हातात तिरंगा घेऊन गुजरातीत घोषणा देत होता. केतकरांचा शशिधर त्याच्याबरोबर होता. आज पाचांची नावे आम्ही एका श्वासात घेतो. कोणाच्या घरी कोणती भाषा होती याने त्यांच्या देशभक्तीत काही उणे आले का?

हे सगळे सातपुड्यातल्या लोकांपुरते आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे या अंकाच्या शहरी वाचकांना कदाचित वाटेल. म्हणून एक घरगुती गोष्ट सांगतो. दिवाळीला पाहुणे आले आहेत. फराळाची ताटे मांडली आहेत. नातू इंग्रजी कविता म्हणून दाखवतो. सगळे टाळ्या वाजवतात. इतक्यात गावाकडची आजी स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि आपल्या बोलीत काही विचारते. अहिराणीत म्हणा, मालवणीत म्हणा, वऱ्हाडीत म्हणा. मुलगा हळूच म्हणतो, "आई, पाहुण्यांसमोर जरा नीट बोल ना." आजी गप्प होते. पुन्हा बाहेर येत नाही. ती आजी आणि माझ्या वर्गात खिडकीपाशी बसलेली ती मुलगी, या दोघींत मला तरी काही फरक दिसत नाही. दोघींनाही बोलता येत होते. दोघींना आपण गप्प केले, आणि मग म्हटले, बोलत नाहीत.

देवमोगरेच्या याहामोगीच्या यात्रेला आमच्याकडून हजारो माणसे जातात. याहा म्हणजे आई. मातृभाषा हा आपला संस्कृत शब्द फार भारदस्त आहे. २१ फेब्रुवारीला आणि २७ फेब्रुवारीला आपण त्यावर भाषणे करतो. त्या शब्दातली आई प्रत्येकाची निराळी असते एवढे भाषण करताना आठवावे.

आता ऐन दिवाळीत अस्तंब्याची यात्रा भरेल. धनत्रयोदशीच्या सुमारास महाराष्ट्रातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून माणसे तो डोंगर चढू लागतील. अश्वत्थामा तेथे कपाळीच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा. एका वर्षी मी ही कथा वर्गात सांगत होतो. एका पोराने उठून विचारले, "गुरुजी, तो तेल कोणत्या भाषेत मागतो?" मी हसून म्हणालो, "मराठीत, दुसरं काय!" पोर विचारात पडले. म्हणाले, "मग आमच्या पाड्यावर कोणाला कळणार? त्याला तेल कोण देणार?"

मला त्या पोराचे म्हणणे पटले. मागणाऱ्याने देणाऱ्याच्या भाषेत मागावे, आणि शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या भाषेपासून सुरुवात करावी. त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांकडून थोडी भिली शिकलो. माझे उच्चार ऐकून पोरे पोट धरून हसतात. हसू देत. त्या वर्गात आता गप्प बसणारे कोणी नाही.

ती मुलगी आता पंचविशीच्या आतबाहेरची असेल. कदाचित कुठल्या फडावर कोयता चालवीत असेल, कदाचित कुठल्या बाजारात पाटी घेऊन बसली असेल. हा अंक तिच्या हाती पडण्याचा संभव नाही. पण दिवाळीला जुने हिशेब पुरे करावे असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा तिच्या प्रगतिपुस्तकातला शेरा मी येथे, चारचौघांसमोर, खोडतो, आणि त्याजागी लिहितो: "भाषा पाच. सर्व उत्तम. शिक्षकाची कच्ची."